तिसऱ्या तपासणीच्या आधी

१२ नोव्हेंबर

मशीन एकदाचं सुरू झालं. आजवर आमच्या माकडांचं रक्त दुसऱ्यांच्या दारात पाठवायचं आणि ते लोक सवडीनं निकाल कळवतील तेव्हा कळवतील, असं चाललं होतं. आता फरीदाबादच्या आमच्या केंद्रातच पीसीआर होणार. कोविडात सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली होती, तीच ही तपासणी, फक्त माकडांच्या रक्तावर. म्हणून ही वही काढली. कामाच्या नोंदी कम्प्युटरवर होतातच, पण तिथे ‘आज मला फार आनंद झाला’ असं लिहायला रकाना नाही.

आम्हाला विषाणूमुक्त माकडांचा एक गट तयार करायचा आहे. हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण माकडाची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतो. थुंकीतून पसरतो, चावण्यातून, एकमेकींच्या अंगावरच्या उवा वेचण्यातून. म्हणजे भांडणातून पसरतो तसाच मायेतूनही पसरतो. जुनी तपासणी शरीरानं विषाणूशी लढा दिल्याच्या खुणा शोधायची. पण काही माकडं लढतच नाहीत. विषाणूला आपल्या जनुकांत घर देऊन मजेत हिंडतात. आमचं मशीन थेट त्या घरातच डोकावतं.

नियम मी लिहिला. जरा संशय आला की माकड वेगळं ठेवायचं. महिन्या-महिन्याच्या अंतरानं तीन तपासण्या स्वच्छ आल्या तरच गटात परत. आमच्या पशुवैद्य डॉ. कौशल्या रोहतकच्या आहेत, मोजकं बोलतात. नियम वाचून म्हणाल्या, “लिखा तो अच्छा है मैडम. निभाना मुश्किल होगा.” मला जरा रागच आला. नियम न पाळणारी बाई वाटते की काय मी?

१७ नोव्हेंबर

अण्णांचं इथे अजून बस्तान बसलेलं नाही. जुलैत मिरजेला त्यांची साखर एकदम उतरली आणि ते न्हाणीघरात पडले. रात्रभर तिथेच होते. सकाळी दूधवाल्याला शंका आली म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते लिहवत नाही. मी गेले, घराला कुलूप लावलं आणि बापाला दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. विचारलं वगैरे नाही. विचारण्यासारखं होतं काय त्यात?

इथे सगळं आहे. लिफ्ट आहे, सोसायटीतच डॉक्टर आहेत, न्हाणीघरात मी धरायला दांडे बसवून घेतले. फक्त हवा घाण आहे. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना थंडी संपेपर्यंत खाली जायची बंदी केली आहे. आज ते म्हणाले, “तुमच्या दिल्लीत माणसं भरपूर आहेत गं अशू, पण शेजारी येऊन बसणारं कुणी नाही.” मिरजेला रोज सकाळी स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे निवृत्त रेल्वेवाल्यांची बैठक असते, अण्णा चाळीस वर्षं गार्ड होते. मी म्हटलं, थंडी सरली की बघू. नवरा, साकेत, नोएडाहून कामावरून येतो तोच कानात हेडफोन घालून, आणि लेकीची, मैत्रेयीची, ट्यूशन. कोण बसणार शेजारी?

२६ नोव्हेंबर

पहिला संशय. एका तरुण मादीच्या रक्तात विषाणूचा सिग्नल आला, अगदी पुसट, तपासणी संपता संपता, म्हणजे असलाच तर नखभर. एखाद्यानं तो चूक म्हणून सोडूनही दिला असता. मी नाही सोडला. तिला गटातून काढून वेगळ्या खोलीत एकटी ठेवली. तिला बाकीच्यांचे आवाज ऐकू येतात, पण दिसत कुणी नाही.

जेवताना सहज सांगितलं. अण्णांनी ताटातून मान वर केली. “नाव काय तिचं?”

“आम्ही नावं ठेवत नाही, अण्णा. नंबर असतो.”

“नंबर डब्याला असतो. दिसते कशी?”

दिसते कशी हे मला सांगता येईना. उगाच म्हटलं, केस बाकीच्यांपेक्षा फिके आहेत, पिवळट. “मग बकुळा,” ते म्हणाले. मैत्रेयी म्हणाली, “बकुळा मतलब?” मग अण्णांनी तिला फूल समजावून सांगितलं. सुकलं तरी वास जात नाही म्हणाले. बऱ्याच दिवसांनी घरात असं काही बोलणं झालं.

९ डिसेंबर

बकुळेची (घ्या, मीसुद्धा लिहायला लागले) लक्षणं ठीक नाहीत. पिंजऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात जाते, मान वर करून वळते, पुन्हा डावीकडे. तासन्‌तास तेच. वळायची जागाही बदलत नाही. हे एकटेपणाचं लक्षण. आमच्या विषयाच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणातच असतं, नव्यानं आलेली पोरंसुद्धा ओळखतील. मी आरसा लावायला सांगितला, कणसं टांगली, लाकडाची खेळणी दिली. ढुंकून बघत नाही.

घरी आले तर खालच्या मजल्यावरच्या मल्होत्राबाईंची तक्रार. “सारा दिन ऊपर टक-टक, टक-टक. मेरा बीपी बढ़ जाता है.” अण्णा हॉलमधून बाल्कनीच्या काचेपर्यंत आणि परत, असे दिवसभर फेऱ्या मारतात, त्यांच्या जुन्या कडक तळाच्या चपला घालून. तेवढाच व्यायाम होतो, चांगलंच आहे. सेक्टर दहाच्या बाजारातून मऊ रबरी तळाच्या सपाता आणून दिल्या. प्रश्न मिटला.

२७ डिसेंबर

पहिली तपासणी स्वच्छ. मी घरी फोन करून अण्णांना सांगितलं, कधी नव्हे ते. ते म्हणाले, “सोडणार मग तिला?” म्हटलं, अजून दोन बाकी. मग म्हणाले, “बरं. तू कामात असशील.”

११ जानेवारी

बकुळेनं स्वतःचा हात चावला. डॉ. कौशल्यांनी टाके घातले. खाणं निम्म्यावर आलं आहे. मी पिंजऱ्यासमोर गेले की फेऱ्या थांबवून दाताला दात लावून ओठ हलवते. माकडांत ते ‘ये, भांडण नाही’ असं म्हणणं असतं. मला म्हणत होती ती, दुसरं होतंच कोण.

हे घरी सांगायला नको होतं. अण्णांनी भाकरी अर्धी टाकली. हल्ली त्यांचंही जेवण कमीच झालं आहे, थंडीनं असेल. आंघोळीचा पण कंटाळा करतात. साकेत म्हणाला, “तू ऑफिसचं घरी आणू नकोस यार, अण्णांना त्रास होतो.” बरोबर आहे त्याचं.

२७ जानेवारी

दुसरी तपासणीही स्वच्छ.

आज लवकर घरी आले, म्हणून अण्णांच्या बाजूला जरा टेकले. ते तिचीच चौकशी करत होते. मी नियम पुन्हा समजावला. ते म्हणाले, “अगं, तुला पहिल्यांदा दिसला तो लाल सिग्नल नव्हता, पिवळा होता. पिवळ्याला गाडी सावकाश न्यायची असते. तिथेच उभी करून ठेवली तर आतली माणसं खाली उतरतात, मग अपघात होतात.”

“हा विषाणू आहे अण्णा, गाडी नाही.”

“असू दे. पण एकटं ठेवून कुणी बरं झालेलं मी तरी बघितलं नाही. जिवंत राहतं फक्त.”

ते काचेकडे बघत बोलत होते. एका मुक्या जिवासाठी इतकं वाटतं त्यांना. मला माझ्या बापाचा खरंच अभिमान वाटला.

६ फेब्रुवारी

तिनं टाके उसकटले. मी ठरवलं.

तिसऱ्या तपासणीला अजून तीन आठवडे होते आणि मशीन दुरुस्तीला गेलेलं. मी डॉ. कौशल्यांना म्हटलं, तिसरं रक्त आजच घेऊ आणि आजच तिला गटात सोडू. रिपोर्ट येईल तेव्हा येईल. दोन स्वच्छ आलेत, तिसरा काय वेगळा येणार?

त्या हातमोजे काढत राहिल्या. “मैडम, रूल आपका है.”

“और हाथ किसका कट रहा है? मेरा तो नहीं.”

“मुझे भी बुरा लगता है. मैं ही तो सिलती हूँ रोज़. पर तीसरा आने दो.”

मी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, ठीक है, सही मग तुमची एकटीची. मी केली. मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

दार उघडलं तेव्हा ती आधी बाहेर येईचना. मग गटातली थोरली मादी पुढे आली, तिचं पिल्लू पोटाला चिकटलेलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. थोरलीनं हात पुढे केला आणि बकुळेच्या मानेवरचे केस बाजूला करून वेचायला लागली. बकुळेनं डोळे मिटले आणि आडवीच झाली. मी काचेच्या पलीकडे उभी राहून रडले. नोकरीला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

७ फेब्रुवारी

अण्णांनी काल सगळं तीन-तीनदा ऐकून घेतलं. थोरलीनं आधी कुठे हात लावला, पिल्लू घाबरलं का, सगळं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. आज सकाळी स्वतः दाढी केली, माळ्यावरून त्यांची जुनी प्रवासाची बॅग काढून घेतली आणि गेटवरच्या गार्डबरोबर चेन दुरुस्तीला पाठवली. बॅग कशाला लागणार आहे, पण काहीतरी उद्योग सापडला त्यांना, बरं झालं. हवाही जरा निवळली आहे.

१८ फेब्रुवारी

मशीन आलं. साठलेले नमुने लावले.

बकुळेचा सिग्नल आला. पुसट नाही. सुरुवातीलाच, सरळ वर चढत गेलेला.

पुन्हा लावला. तसाच.

१९ फेब्रुवारी

मी रक्त घेतलं होतं, म्हणून मनात तपासणी झालीच असं धरून चालले. शिकाऊ पोरांना मी हेच सांगत असते, नमुना घेणं म्हणजे उत्तर मिळणं नव्हे. ती बारा दिवस सगळ्यांत होती. एका ताटातलं खाल्लं, एकमेकींच्या उवा वेचल्या, पिल्लाला मांडीवर घेतलं.

डॉ. कौशल्या ‘मैंने कहा था’ असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या की एकटेपणाच्या ताणानंसुद्धा दबलेला विषाणू कधी कधी वर येतो. म्हणजे मी तिला वेगळं ठेवून आजारी पाडली, आणि आजारी पडल्यावर परत नेऊन सोडली. दोन्हीकडून माझाच हात.

बकुळा पुन्हा एकटी. आणि या वेळी बाकीच्याही, एकेक करून, वेगवेगळ्या पिंजऱ्यांत. माझ्याच नियमानं. पिल्लाला थोरलीपासून सोडवताना जो आवाज झाला तो मला लिहायचा नाही.

संध्याकाळी अण्णा दारातच. “काय म्हणते बकुळा?”

“मजेत आहे.”

२ मार्च

पिल्लू पॉझिटिव्ह. थोरलीही. बाकीच्यांचं अजून सांगता येत नाही. त्यांना महिनोन्‌महिने एकटं राहावं लागेल, तेव्हा कळेल. एकीला एकटं ठेवायचं नाही म्हणून हे केलं, आता सगळ्याच एकट्या आहेत. त्या मजल्यावर गेलं की प्रत्येक पिंजऱ्यात तेच, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

अण्णा रोज विचारतात. मी रोज काहीतरी रचून सांगते. काल म्हटलं, पिल्लू आता तिच्याच मांडीवर झोपतं. ते खूप हसले. मग हळूच विचारलं, “मिरजेला आता हवा छान असेल, नाही? आंब्याला मोहोर आला असेल.” मी म्हटलं, असेल. मला पिल्लाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

१२ मार्च

कमिटी बसली. मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. साहेब म्हणाले, “इन्टेन्शन गलत नहीं था,” आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. जी पॉझिटिव्ह आहेत त्यांना वेदना न होता मरण द्यायचं ठरलं. तिघंही.

डॉ. कौशल्या म्हणाल्या, तुम्ही थांबू नका. मी थांबले. बकुळेनं मला बघून फेऱ्या थांबवल्या आणि ओठ हलवले. दाताला दात लावून, तसेच. इंजेक्शन लागेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती. मी आत हात घालू शकत नव्हते, हातमोजे होते तरी परवानगी नव्हती. आणि आज मी नियम पाळला.

१३ मार्च

आज खोटं बोलवलं नाही. अण्णांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, मशीन, सिग्नल, पिल्लू, कालचं.

“म्हणजे मी सांगितलं म्हणून तू—”

“नाही अण्णा. माझं मलाच बघवत नव्हतं.”

“मीच सांगितलं होतं. पिवळा म्हणून.” मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “तिला सोडलंस ना, त्या दिवशी मला वाटलं, आता माझाही नंबर लागेल. म्हणून बॅगेची चेन करून घेतली होती.”

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. आणि मग कळलं ते सगळं एकदमच, नोव्हेंबरपासूनचं. मऊ सपाता. काच. अर्ध्या भाकऱ्या. माकडाच्या फेऱ्या मी पहिल्या दिवशी ओळखल्या होत्या, पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणासकट. माझा बाप त्याच वेळी माझ्याच हॉलमध्ये चालत होता आणि मी त्याला म्हटलं व्यायाम.

“अण्णा, तुम्ही मला सरळ का नाही विचारलं?”

“विचारत तर होतो गं रोज. ती कशी आहे म्हणून.”

१६ मार्च

साकेतशी बोलले. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्याला लवकर समजलं, म्हणजे त्यालाही दिसत असणार. निजामुद्दीनहून मिरजेची तिकिटं काढली, अण्णांचं आणि माझं. तिथे शेजारच्या विनायकला विचारलं, त्याचा मुलगा रात्री अण्णांकडे झोपायला येईल. साखर बघायचं यंत्र घेतलं. हे सगळं जुलैतही करता आलं असतं. भीती आहेच, न्हाणीघरही तेच आहे. तरीही.

तिकिटं अण्णांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून, तारीख, गाडी, डबा सगळं वाचलं, गार्डसारखं. मग नीट घडी घालून माझ्या हातात परत ठेवली.

“नको अशू.”

“अण्णा, मी मनापासून म्हणतेय.”

“माहीत आहे. पण तिला सोडलंस तेव्हाही तू मनापासूनच केलंस. तिकडे काही झालं, तर तू पुन्हा अशीच बसशील डोकं धरून. ते बघवणार नाही मला.” माझ्या डोक्यावर हात ठेवून हसले जरासे. “माझी तिसरी तपासणी होऊ दे आधी. नियम तो नियम.”

मी किती सांगितलं. विनवण्या केल्या, चिडले, रडलेसुद्धा. त्यांनी बॅग उचलून स्वतःच माळ्याखाली नेऊन ठेवली आणि मला म्हणाले, वर टाकून दे, पाय लागतो.

२९ मार्च

तिकिटं रद्द केलेली नाहीत अजून. गाडी परवाची आहे. मी रोज विचारते, ते रोज नको म्हणतात. जेवतात व्यवस्थित, वाढलेलं सगळं. गोळ्या वेळेवर घेतात. कसलीच तक्रार नाही.

आज लिफ्टमध्ये मल्होत्राबाई भेटल्या. खूश होत्या. “नयी चप्पल में भी थोड़ी-थोड़ी आवाज़ आती थी, अब तो बिल्कुल बंद हो गई जी. थैंक्यू हाँ, अंकलजी को भी बोलना.”

वर आले. अण्णा खुर्चीत होते, काचेकडे पाठ करून. सपाता खुर्चीखाली, धूळ बसलेल्या. मी चपलांचं कपाट उपसलं आणि त्यांची ती जुनी कडक तळाची जोडी शोधून काढली, पुसली, आणि बाल्कनीचं दार उघडून उंबऱ्यात ठेवली. म्हटलं, अण्णा, हवा चांगली आहे आज, चला, मी पण येते फेऱ्या मारायला. ते म्हणाले, येतो हं, तू हो पुढे.

मी बराच वेळ बाल्कनीत उभी होते. चपला अजून उंबऱ्यातच आहेत.